दगड मोज

हुपरीत चांदीचा दागिना हातात आला की माणूस तो आधी तळहातावर हलकेच उडवून बघतो. वजन किती, हा पहिला प्रश्न. मजुरी किती, हा दुसरा. माझ्या वडिलांचं आयुष्य या दोन प्रश्नांतच गेलं. दिवसभर कड्या वळायच्या, डाक लावायचा, घुंगरू जोडायचे, उजळायचं आणि दिवेलागणीला पैंजण काट्यावर ठेवायचे. ती सवय माझ्याही हातात उतरली आहे. अकरा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीमुळे अमेरिकेत आल्बुकर्कीला आले, तेव्हा तिथल्या जुन्या गावातल्या ओसरीवर कापड पसरून बसलेल्या एका बाईंच्या समोरचं कडं मी उचललं आणि तसंच तळहातावर उडवलं. भलतंच हलकं लागलं. चांदी किती ग्रॅम, असं विचारलं. बाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “दगड मोज.”

मोजले. बासष्ट निघाले. प्रत्येक दगड तांदळाच्या दाण्यापेक्षा बारीक, दोन्ही टोकांना सुईसारखा निमुळता, आकाशी निळा. आणि प्रत्येकाला त्याचं स्वतःचं कोंदण. बासष्ट कोंदणं, बासष्ट ठिकाणी डाक, आणि एकाही ठिकाणी तो ओघळलेला नाही. त्या दिवशी मी घरी गेले ती त्या बाईंच्या गावाचं नाव विचारून घेऊनच.

ते गाव म्हणजे झुनी. न्यू मेक्सिको राज्याच्या पश्चिम कडेला, गॅलप शहराच्या दक्षिणेला साधारण साठ किलोमीटरवर. वस्ती दहा हजारांच्या आसपास. इथले नेटिव्ह अमेरिकन लोक स्वतःला आशिवी म्हणवतात आणि त्यांच्या भाषेचं जगातल्या दुसऱ्या कुठल्याही भाषेशी नातं लागत नाही. गावाशेजारी दोवा यालाने नावाचा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा डोंगर आहे, कातळकडे सरळ उभे, माथा सपाट. आपल्या डोळ्यांना तो किल्लाच दिसतो आणि त्याचा उपयोगही तसाच झाला. १६८० साली पुएब्लो लोकांनी, म्हणजे झुनींसारख्या या भागातल्या गावकरी जमातींनी, स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव केला, तेव्हा झुनी माणसं बायकापोरांसह त्या माथ्यावर जाऊन राहिली.

झुनी दागिन्यांची गोष्ट बहुतेक जण १८७२ च्या सुमाराला सुरू करतात. त्या वेळी आत्सिदी चोन नावाचा, शेजारच्या नवाहो जमातीतला कारागीर झुनीत आला आणि त्यानं लान्यादे या झुनी माणसाला चांदीचं काम शिकवलं. लान्यादे हा पहिला झुनी चांदीकार. जॉन अडेर यांच्या १९४४ च्या पुस्तकामुळे त्याचं नाव टिकलं. हे खरंच आहे. पण गोष्ट इथून सुरू केली की झुनी हे नवाहोंचे शिष्य ठरतात, आणि ते मला मान्य नाही. चांदी ते शिकले. दगड त्यांना आधीपासून येत होता, आणि किती आधीपासून याचा पुरावा जमिनीतून निघाला आहे.

झुनी ज्यांना आपले पूर्वज मानतात त्या लोकांची हजार वर्षांपूर्वीची मोठी वस्ती चाको खोऱ्यात होती. तिथल्या पुएब्लो बोनितो या दगडी वाड्यात १८९६ साली एका दफनाच्या खोलीत पेरोजाचे हजारो मणी आणि तुकडे सापडले. पेरोज म्हणजे ज्याला आपण फिरोजाही म्हणतो तो. या भागातल्या पेरोजाची एक जुनी खाण सांता फेजवळ सेरियोस इथे आहे. शिंपले मात्र कॅलिफोर्नियाच्या आखातातून आणि पॅसिफिकच्या किनाऱ्यावरून यायचे. हे सगळं अंतर पाठीवर ओझं घेऊन चालायचं, कारण स्पॅनिश येईपर्यंत इथे घोडा नव्हता. एका मण्यासाठी माणसं इतकी चालली. मणी भोकायला काडीला गारगोटीचं टोक लावून ती गरगर फिरवायची.

झुनीजवळच हाविकू नावाची ओसाड वस्ती आहे. सोन्याच्या सात शहरांच्या अफवेवर विसंबून स्पॅनिश सेनानी कोरोनादोची फौज १५४० च्या जुलैत तिथेच येऊन थडकली. लढाई झाली, गाव पडलं, आणि सोनं नव्हतंच. मका होता, मीठ होतं आणि पेरोज होता. सोनं शोधणाऱ्यांना त्या निळ्या दगडाचं मोल कळण्याची शक्यता नव्हतीच. पुढे १९१७ ते १९२३ या काळात फ्रेडरिक वेब हॉज यांनी हाविकूत उत्खनन केलं, आणि तिथे केसात खोवायचे कंगवे मिळाले. त्यांच्या पृष्ठभागावर पेरोजाच्या बारीक चौकोनी फरश्या एकीला एक लावून बसवलेल्या, मध्ये जेट नावाच्या काळ्या दगडाचे तुकडे. चांदीचा त्यात कण नाही. मी त्यांचे फोटो पाहिले तेव्हा पहिल्यांदा सांध्यांकडे पाहिलं. दगड आणि दगड यांच्यामध्ये नख जाईल इतकीही फट नाही. आज झुनी कारागीर चांदीच्या पत्र्यावर जे जडवतो ते हेच काम आहे. फक्त पाठ बदलली.

हॉजच्या त्या खोदकामावर गावातलीच माणसं मजुरीला होती. त्यांतला एक लीक्या देयूसे. पुढे तो विसाव्या शतकातला सर्वांत नावाजलेला झुनी पाषाणशिल्पी झाला. अस्वल, बेडूक, पानं असे छोटे आकार तो पेरोजातून कोरायचा. दगडाला फार छळायचं नाही, त्यातला प्राणी दिसेल इतकंच काढायचं, ही त्याची रीत. त्यानं जमिनीतून निघालेली पूर्वजांची कामं स्वतःच्या हातांनी माती झटकून पाहिली होती. एवढी चांगली शाळा दुसऱ्या कुणाला मिळाली असेल असं मला वाटत नाही.

धातूकडे परत येते. चांदीच्या आधीही झुनीत भाता होता. १८५१ साली तिथून गेलेल्या सिटग्रीव्ह्ज मोहिमेच्या अहवालात गावातल्या लोहाराच्या दुकानाचं चित्रच आहे. लान्यादेच्या काळात चांदी म्हणजे नाणी, मुशीत वितळवून ठोकायची किंवा दगडी साच्यात ओतायची. मग १८९० च्या सुमाराला किनेश्दे नावाच्या झुनी कारागिरानं चांदीत पेरोज बसवला. माझ्या मते झुनीचा चांदीचा इतिहास खऱ्या अर्थानं इथे सुरू होतो. एकदा दगड चांदीवर आला, की चांदीनं हळूहळू अंग चोरलं. नवाहो कड्यात चांदी भरदार असते, तिच्यावर ठसे असतात, आणि दगड आला तर मोठा, एकटा. झुनी कड्यात चांदी ही नुसती कोंदणापुरती.

व्यापाऱ्यांचा यात वाटा आहे, तो नाकारता येत नाही. १८८१ मध्ये रेल्वे गॅलपला पोचली, तिच्यामागून प्रवासी आले, आणि रेल्वेमार्गावर हॉटेलं चालवणाऱ्या फ्रेड हार्वे कंपनीनं १८९९ पासून त्यांना परवडतील, पेलतील असे हलके दागिने मागवायला सुरुवात केली. झुनीतला मोठा व्यापारी सी. जी. वॉलेस. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाअखेरीस आलेल्या या माणसानं उत्तम दगड आणून दिला, बारीक कामाला उत्तेजन दिलं आणि शेकडो नग स्वतःकडे ठेवले. १९७५ साली त्याच्या संग्रहाचा लिलाव झाला तेव्हा खूप जुन्या कारागिरांची नावं पहिल्यांदा बाहेरच्या जगाला कळली. या माणसाला दगड कळत होता. पण कच्चा माल त्याच्याकडून, विक्री त्याच्याकडे आणि किराणाही त्याच्याच दुकानातून, ही रचना मला हुपरीच्या अनुभवानं ओळखीची आहे. अशा घरात भाव कारागीर ठरवत नाही.

त्या बाईंच्या घरी मी पुढे अनेकदा गेले. त्यांनी नको म्हटलं म्हणून नाव लिहीत नाही. अंगणात पाव भाजायची मातीची घुमटाकार भट्टी, आत स्वयंपाकघराला लागूनच कामाचं टेबल. नवरा चांदी करतो, त्या दगड करतात; बहुतेक घरांत काम असंच वाटून घेतलेलं. पेरोज पातळ कापायचा, त्याचे दाणे करायचे, एकेक दाणा लाखेसारख्या मेणानं काडीच्या टोकाला चिकटवायचा आणि फिरत्या चाकावर, पाणी लावत, घासायचा. काडी बोटांत फिरते आणि दगडाला टोक येतं. दुसऱ्या टोकाला दाणा फुटला तर तो गेला. बासष्टातल्या एकसष्टांशी जुळेल असा नवा करायचा. दगड दोन्ही टोकांना टोकदार असेल तर त्या कामाला नीडलपॉइंट म्हणतात. किंचित फुगीर, थेंबासारखा असेल तर पेटिट पॉइंट.

मग कोंदण. चांदीची केसासारखी पातळ फीत, वरची कड करवतीच्या दातांसारखी कातरलेली, दगडाभोवती गुंडाळून मापायची, पत्र्यावर उभी करून डाक लावायचा. हे सगळं दगडाशिवाय, कारण पेरोज आच सोसत नाही. तडकतो नाहीतर रंग टाकतो. सगळी कोंदणं उभी राहिली की तळाला लाकडाचा भुसा घालून, वर दगड ठेवून, दात आत दाबायचे. भुशामुळे दगड मऊ बसतो, धक्का लागला तरी फुटत नाही. आमच्याकडे घाट आधी ठरतो, खडा त्यात मागाहून येतो. इथे दगड आधी तयार होतात आणि चांदी त्यांच्या मापाची होते. हे बघायला मला त्या टेबलाशी तीन दुपारी बसावं लागलं.

दगडाला दगड लावून जडवायचं काम त्या बाईंच्या भावाचं. पेरोज निळा, पोवळं लाल, जेट काळं, शिंपला पांढरा. या चार रंगांत सूर्यमुख, पक्षी, इंद्रधनुष्याचा पुरुष. पोवळं भूमध्य समुद्रातलं, म्हणजे तेही परगावचंच.

एकदा मी बहिणीसाठी महामार्गावरच्या एका दुकानातून “झुनी” अंगठी घेतली आणि कौतुकानं त्या बाईंना दाखवली. त्यांनी ती उलटी केली, परत सुलटी केली, आणि माझ्या हातात दिली. बोलल्या काहीच नाहीत. घरी भिंग लावून पाहिलं: दातांचा एकच साचा, दगडाच्या जागी रंगवलेला लगदा, खाली डिंक. १९९० च्या कायद्यानुसार नेटिव्ह अमेरिकन नसलेल्या माणसाचा माल त्यांचा म्हणून विकणं हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. तरीही २०१५ साली सरकारी छाप्यांत फिलिपाइन्समध्ये बनलेला माल याच राज्यातल्या दुकानांत सापडला. आमच्या गावच्या पैंजणांनाही यंत्रावरच्या मालानं खाली खेचलं, पण त्या मालानं निदान माझ्या वडिलांचं नाव लावलं नव्हतं. इथे नावच चोरलं जातं.

त्यात दगडही दुर्मीळ झालाय. ज्या खाणीच्या एकसारख्या निळ्या पेरोजावर बारीक काम करणाऱ्यांची भिस्त होती, ती ॲरिझोनातली स्लीपिंग ब्यूटी खाण २०१२ साली पेरोजासाठी बंद झाली. त्या बाईंकडे जुन्या दगडाचा एक डबा आहे. त्यातून त्या मोजून काढतात.

ते बासष्ट दगडांचं कडं मी अखेर विकत घेतलं आणि हुपरीला नेलं. वडिलांनी चष्मा पुसला, खिडकीजवळ गेले, बराच वेळ पाहत राहिले. मग विचारलं, “हे करणाऱ्याचे डोळे किती वर्षं टिकतात?” मला उत्तर माहीत होतं, कारण त्या बाई आता नीडलपॉइंट करत नाहीत. ते काम त्यांची मुलगी करते.

तुमच्यापैकी कित्येक जण ग्रँड कॅन्यनला जाताना गॅलपवरून जातात. तिथून दक्षिणेला वळा. झुनीत पोचलात की आधी अभ्यागत केंद्रात नोंद करा. फोटोला परवाना लागतो, आणि धार्मिक समारंभ चालू असेल तर कॅमेरा गाडीतच ठेवायचा. दागिना घेताना तो उलटा करा, मागचं नाव वाचा आणि ते नाव कुणाचं आहे हे विक्रेत्याला विचारा. सांगता आलं नाही तर घेऊ नका.