दिनविशेष : १ फेब्रुवारी १९४६ – स्त्रियांच्या भूमिगत खाणकामावर पुन्हा बंदी

कॅनडात २०१२ साली सुरू झालेल्या ‘बॉम्ब गर्ल्स’ या मालिकेत दुसरं महायुद्ध टोरांटोच्या बायकांना दारूगोळ्याच्या कारखान्यात आणतं आणि तिथे त्यांना स्वतःच्या कमाईची चव लागते. हे कथानक वऱ्हाडाला लावून पाहिलं तर बसत नाही. अकोला-अमरावतीच्या जिनिंगमध्ये बायका रेच्यांवर कापूस टाकत होत्या त्या या युद्धाच्या कितीतरी आधीपासून. कारखान्याचं दार युद्धाने उघडलं, असं त्यांच्याबाबत म्हणता येत नाही. इथे युद्धाने उलट संरक्षण काढून घेतलं. कोळसा खाणीत स्त्रियांना जमिनीखाली उतरवायला १९३७ पासून बंदी होती. कोळशाची टंचाई होताच १९४३ मध्ये ती मध्य प्रांत व वऱ्हाडातही उठली आणि १ फेब्रुवारी १९४६ रोजी पुन्हा लागू झाली.

खाणी पेंच खोऱ्यात आणि चांद्याकडे, वऱ्हाडाचा संबंध काय, असं कोणी विचारेल. प्रांत एकच होता, आणि मजूर बाईच्या श्रमाकडे पाहण्याची सरकारी नजरही एकच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मजूर खात्याचे सदस्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात बंदी उठवण्याच्या निर्णयाचं समर्थन करताना, पुरुषाइतक्याच कामाला बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळणार याकडे लक्ष वेधलं होतं. ते पाऊल मोठंच होतं. पण ती बरोबरी खाणीच्या तळाशी, युद्धाच्या मुदतीपुरती मिळाली. बंदी परतली तशी ती मजुरीही हातची गेली. जिनिंगमधली बाई तर या हिशेबात कुठेच नव्हती.