न दाखवलेले रक्त

'द टेक्सस चेन सॉ मॅसेकर' (१९७४) एकदाच पाहिलेला प्रेक्षक 'रक्ताचा नुसता सडा' असे मत देतो. आमचेही मत तेच होते. पुन्हा पाहताना मात्र आम्ही चपापलो. खाटकाच्या आकड्यावर तरुणीला अडकवले जाते, त्या प्रसंगात आकडा शरीरात शिरताना दिसतच नाही. दिग्दर्शक टोबी हूपर यांनी तर सौम्य प्रमाणपत्राची आशा धरली होती! तरीही ते मत निव्वळ चूक म्हणून बाजूला सारणे आम्हांला पटत नाही. न दाखवलेले रक्त त्या प्रेक्षकाने पाहिलेलेच असते. ब्रिटनच्या परिनिरीक्षण मंडळाचाही पेच हाच होता. १९७५ मध्ये त्यांनी चित्रपट नाकारला. पुढे कात्री चालवून पाहिली, पण दहशत कोणत्याही एका दृश्यात सापडेना. अखेर १९९९ मध्ये तो अखंड, केवळ प्रौढांसाठी, संमत झाला.