व्हिएन्ना नगरी व हायडन : ता. २७ मार्च १८०८ चा सत्कार-जलसा

थोर पुरुषाच्या सत्काराचा प्रसंग जितका गाजावा, तितकी त्याची मूळ हकीकत आख्यायिकांच्या ओझ्याखालीं दबून जाते. बखर व दफ्तर यांतील अंतर जाणणाऱ्या आमच्या वाचकांस हा अनुभव नवा नाहीं. युरोपच्या संगीतेतिहासांतील असाच एक प्रसंग आम्हीं येथें तपासावयास घेतला आहे. ता. २७ मार्च १८०८ रोजीं व्हिएन्ना येथील विद्यापीठाच्या सभागृहांत वृद्ध संगीतकार जोसेफ हायडन याच्या गौरवार्थ त्याच्याच ‘सृष्ट्युत्पत्ति’ या ओरेटोरिओचा, म्हणजे धर्मकथेवरील व अभिनयावांचून गावयाच्या दीर्घ संगीतरचनेचा, मोठा जलसा झाला. या दिवशीं नगरीनें हायडनला आपला म्हटलें, अशी सामान्य समजूत आहे. ती कागदपत्रांस कितपत धरून आहे, हें पाहणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय.

प्रथम निर्विवाद गोष्टी सांगतों. हायडनचा जन्म ता. ३१ मार्च १७३२ चा. म्हणजे जलशाच्या दिवशीं त्यास ७६ वर्षें पुरीं होण्यास चार दिवस अवकाश होता. प्रकृति क्षीण झाल्यामुळें त्याचें घराबाहेर पडणें जवळजवळ बंद झालें होतें. त्यास खुर्चींत बसवूनच सभागृहांत आणावें लागलें. जलशाचें संचालन आंतोनियो सालिएरी यानें केलें. मूळ रचना जर्मन भाषेंतील असतां त्या दिवशीं ती जर्मनभाषी नगरींत ज्युझेप्पे कार्पानी याच्या इटालियन भाषांतरांत गाइली गेली, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. पहिला भाग संपतांच, भावनावेग सोसेना म्हणून, हायडनला घरीं परत नेण्यांत आलें.

आतां आख्यायिकेचा भाग. ‘प्रकाश’ उत्पन्न झाल्याचें वर्णन येतांच श्रोत्यांनीं टाळ्यांचा गजर केला व हायडननें हात वर करून तें श्रेय ईश्वरास दिलें, असें सांगतात. त्याच्या मुखांतील शब्द मात्र निरनिराळ्या कथनांत निरनिराळे आढळतात. ग्रीसिंगर व डीस यांचीं हायडनचरित्रें १८१० सालीं, तर कार्पानीचें १८१२ सालीं प्रसिद्ध झालें. हे तिघेही हायडनच्या परिचयांतील असल्यामुळें प्रसंगाचा आशय ग्राह्य मानण्यास हरकत नाहीं. परंतु शब्दांवर भिस्त ठेवतां येत नाहीं. शिष्य बीथोव्हेन यानें वांकून गुरूच्या हाताचें चुंबन घेतलें, ही गोष्टही चरित्रकार आवडीनें सांगतात. या समारंभाचें बाल्थाझार विगांट यानें एका पेटीच्या झांकणावर काढलेलें चित्र प्रसिद्ध आहे. तें मूळ चित्र १९४५ सालीं गहाळ झालें. आज आपण पाहतों त्या त्याच्या प्रतिकृति होत.

परंतु हायडन व व्हिएन्ना यांचा संबंध एका दिवसाचा नव्हे, व प्रारंभीं तो गोडही नव्हता. १७४० च्या सुमारास आठ वर्षांचा हा मुलगा सेंट स्टीफनच्या मंदिरांतील गायकवृंदांत दाखल झाला. पुढें आवाज फुटतांच त्यास तेथून निरोप मिळाला. १७६१ पासून तो एस्टरहाझी सरदारांच्या चाकरींत राहिला व जवळजवळ तीस वर्षें बहुधा नगरीबाहेरच होता. १७७९ सालीं येथील संगीतकारांच्या विधवा-अनाथ साहाय्यक संस्थेंत त्यानें प्रवेश मागितला, तेव्हां संस्था सांगेल तेव्हां रचना करून देण्याची अट तिनें घातली. ती अपमानास्पद वाटून हायडननें आपला अर्ज परत घेतला. लंडनच्या दोन सफरींनंतर (१७९१-९२ व १७९४-९५) त्याची कीर्ति सर्वत्र पसरली, तेव्हां त्याच संस्थेनें १७९७ सालीं त्यास सन्मानपूर्वक सभासद करून घेतलें.

हायडननें मागील गोष्टीचा डंख धरला नाहीं. ‘सृष्ट्युत्पत्ति’ प्रथम एप्रिल १७९८ मध्यें श्वार्ट्झेनबर्ग राजवाड्यांत निमंत्रितांपुढें व ता. १९ मार्च १७९९ रोजीं सर्व लोकांकरितां झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ती या विधवा-अनाथांच्या फंडासाठीं करण्यांत आली. सेंट मार्क्स येथील नागरिक-रुग्णालयाच्या मदतीसाठींही त्यानें जलसे केले. त्याबद्दल नगरसभेनें १८०३ सालीं त्यास सुवर्णपदक व १८०४ सालीं सन्माननीय नागरिकत्व अर्पण केलें. नगरीनें त्यास आपला म्हटलें तें येथें, जलशापूर्वीं चार वर्षें. आणि टाळ्यांनीं नव्हे, लेखानें.

संग्राहकांसाठीं एक गोष्ट नमूद करतों. ‘सृष्ट्युत्पत्ती’ची संपूर्ण स्वहस्तलिखित प्रत आज उपलब्ध नाहीं. कांहीं टांचणें, प्रत्यक्ष जलशांत वापरलेल्या नकला आणि १८०० सालीं हायडननें स्वतः वर्गणीदार मिळवून छापलेली आवृत्ति, एवढींच मूळ साधनें उरलीं आहेत. कर्त्याचें हस्ताक्षर नसलेली, वापरून मळलेली नक्कल कमी मोलाची समजून बाजूस टाकणाऱ्यांनीं याचा विचार करावा. त्या नकला तशा टाकल्या गेल्या असत्या, तर कर्त्याच्या देखरेखीखालीं ही रचना कशी गाइली गेली, हें कळण्याचें एक मोठें साधन आपण गमावलें असतें.

जलशानंतर चौदा महिन्यांत, मे १८०९ मध्यें, फ्रेंच सैन्यानें नगरी घेतली, व ता. ३१ मे रोजीं हायडन वारला. युद्धाच्या धामधुमींत त्याचा अंत्यविधि साधेपणानेंच उरकला. म्हणून १८०८ चा समारंभ हा नगरीनें हायात हायडनला केलेला अखेरचा मोठा मुजरा ठरतो, व त्याचें महत्त्व आम्ही कमी लेखीत नाहीं. मात्र त्यास सनद समजूं नये. सनद विधवा-अनाथांच्या फंडाच्या व रुग्णालयाच्या कामीं आधींच लिहिली गेली होती. जलसा हें तिच्यावरील मोर्तब होय.