नेमून दिलेले काम

गुऱ्हाळावर गुळव्या उकळत्या पाकाचा थेंब पाण्यात टाकतो, बोटांत गोळी वळून पाहतो आणि काहील उतरवायला सांगतो. त्या घटकेला मालकही त्याच्या तोंडाकडे पाहत उभा असतो. शिरोळच्या श्रोत्यांना हे दृश्य नवे नाही. हाच माणूस कारखान्यात पाळीवर लागला की भोंग्याकडे कान लावून बसतो. हात चालतात, मन निघून गेलेले असते. असे प्रत्येक कारखान्यात व्हायलाच हवे काय? उत्तरासाठी फार दूर जायला नको. जयसिंगपूरहून मिरजेला जाऊन पुण्याची गाडी धरली की किर्लोस्करवाडी लागते.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. बढतीत डावलले गेले, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. बेळगावात सायकलींचा धंदा, मग कडबा कापण्याची यंत्रे, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीमुळे नांगर पडून राहिले. पुढे बेळगावची जागाही सोडावी लागली. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला आणि १९१० साली निवडुंग तोडून तेथे वसाहत उभी राहिली.

येथे हुद्दा आधी आणि माणूस मागाहून, असा प्रकार नव्हता. मंगेशराव रेगे कारकून, मुख्य हिशेबनीसही तेच, वसाहतीची निगाही त्यांच्याकडेच. अनंतराव फळणीकरांची शाळा अर्ध्यावर सुटलेली. ते कल्पक इंजिनिअर झाले. दरोड्याची शिक्षा झालेल्या दोघांवर तर राखण सोपवली होती! (आमच्यापैकी किती जण एवढी छाती करतील?) शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली कारखान्याचे वार्तापत्र म्हणून ‘किर्लोस्कर खबर’ काढली, तिचेच पुढे महाराष्ट्रभर वाचले जाणारे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. नेमून दिलेले काम माणूस आतून बदलून आपलेसे करतो, या गोष्टीला दोन अमेरिकन विदुषींनी २००१ साली शास्त्रीय नाव दिले. त्यांनी इस्पितळातील सफाई कामगार पाहिले होते. त्यांतले काही जण रोग्याला धीर देणे हेही आपलेच काम मानीत.

तरीही वाडीचे नुसते गोडवे गाणे आम्हाला पटत नाही. उत्साही माणसाकडून तिघांचे काम करवून पगार एकाचाच द्यायचा, ही युक्तीही याच वाटेने येते. शिवाय वाडीत कारखाना आणि वसाहत एकाच धन्याची. मालकाशी बिनसले तर गुळव्या पुढच्या हंगामात दुसऱ्या गुऱ्हाळावर जातो. वाडीतल्या कामकऱ्याला नोकरीबरोबर राहते घरही सोडावे लागले असते.