सुप्याची नदी आणि शहराचा गलबला

इतिहासकाराला ताम्रपट दिसतो, सनद दिसते, पडका बुरूजही दिसतो. ऐकू मात्र त्याला फारसे काही येत नाही. माणसाला घराची ओढ लागते ती पुष्कळदा कानांच्या वाटेने, आणि त्या ओढीची नोंद कुठल्याही दप्तरात होत नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्याच्या संदर्भात आज या विषयाचा थोडा विचार करावयाचा आहे.

हा तालुका पूर्वी सुपे या नावाने ओळखला जाई. काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावर सुपे गाव वसले होते. भोवती सह्याद्रीचे दाट रान. पहाटे ओढ्याकाठी शीळ घालणारा कस्तुर, माथ्यावरून जाताना पंखांचा भाता फुंकल्यासारखा आवाज करणारा धनेश, गवळी-धनगरांच्या म्हशींच्या गळ्यांतील घंटा, शिगम्याच्या दिवसांत कुणब्यांच्या अंगणातील घुमट. आणि या सर्वांखाली, अंथरलेल्या घोंगडीसारखा, नदीचा अखंड घोष. अशा अखंड आवाजाचा गुण मोठा चमत्कारिक असतो. मन तो गाळून टाकते. असेपर्यंत तो ऐकू येत नाही. थांबला म्हणजे कानाला कळते की काहीतरी गेले.

१८६२ मध्ये उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडण्यात आला, आणि १९५६ पर्यंत तो तिकडेच राहिला. त्यामुळे कज्जेदलाली असो, शिक्षण असो वा पोटापाण्याची सोय असो, या मुलखातील माणसाची दृष्टी मुंबईकडे लागे. तेथे पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली होती. पुढे ट्रामगाड्या आल्या, गिरण्यांचे भोंगे आले, गाडीच्या रुळांलगतच्या चाळी आल्या. रानातून आलेल्या माणसाला तेथे पहिला त्रास गोंगाटाचा होतो असे आपण समजतो. माझ्या मते ते अर्धेच खरे आहे. मोठा आवाज लहान आवाजांना नुसता मागे सारीत नाही, तो त्यांना गिळूनच टाकतो. पानावर पडणारा पहिला थेंब, गोठ्यातील गुरांची चाहूल, अंगणातील पाऊल, ज्यांच्या आधाराने घरी वेळकाळ ओळखावयाचा, ते सारे नाहीसे होते. रानातील माणूस कानांनी घड्याळ पाहतो. शहरात ते घड्याळ बंद पडते.

हे दुःख केवळ आपलेच नव्हे. १६८८ मध्ये योहानेस होफर नावाच्या तरुण वैद्याने बाझेल येथे सादर केलेल्या प्रबंधात घरच्या ओढीने जडणाऱ्या व्याधीसाठी ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडविला. परमुलखात चाकरी करणाऱ्या स्विस शिपायांपुढे त्यांच्या गुराख्यांचे गाणे वाजविण्यास मनाई होती, कारण ते ऐकून शिपाई रडत वा पळून जात, असे रूसोने लिहून ठेवले आहे. गाईंच्या गळ्यांतील घंटांच्या नादाने मेंदूला इजा होते, असाही तर्क काही वैद्यांनी लढविला! त्या वैद्यांना आमच्या गवळ्यांनी काय उत्तर दिले असते, कोण जाणे.

गोंगाटाशीही घरोबा होतो, हे मात्र विसरून चालणार नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणीकामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर एकेक भोंगा मुका होत गेला. भोंग्यावर ज्यांच्या दोन पिढ्या उठल्या-निजल्या, त्यांच्या कानी ती शांतता घर मोडल्याची खूण होती.

जोयड्याची गोष्ट याहून बिकट आहे. मुंबईला गेलेला माणूस निदान परतू शकत होता. येथे घरच गेले. काळी नदीवर गणेशगुडीजवळ १०१ मीटर उंचीचे धरण उभे राहिले, १९८७ मध्ये ते पूर्ण झाले, आणि संगमासकट सुपे गाव जलाशयाखाली गेले. तालुक्याचे नाव व कचेरी जोयड्याला आली. वाहते पाणी बोलते, साठलेले बोलत नाही. जेथे दोन नद्यांचा घोष होता तेथे आता विस्तीर्ण, स्तब्ध पाणी आहे. त्या पाण्यावर गणेशगुडीला आणि खाली नागझरीला वीज तयार होते व तारांवरून दूरच्या शहरांकडे जाते. तेथील पंखे, यंत्रे आणि ध्वनिक्षेपक अशाच विजेवर चालतात. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा सरकारने २००० साली नियमांनी घातली खरी. ती कितपत पाळली जाते हे श्रोत्यांना सांगावयास नको.

सुप्याच्या विस्थापितांपैकी अनेकांची वसाहत रामनगरला झाली. ते बेळगाव-गोवा हमरस्त्यावर आहे. अनमोडचा घाट चढण्या-उतरण्यासाठी निघालेल्या मालमोटारी तेथून रात्रंदिवस जातात. संगमाकाठच्या माणसांना शहराचा गलबला ऐकण्यासाठी शहरात जावे लागले नाही. तो त्यांच्या दारावरून जाऊ लागला. त्यांची नातवंडे त्याच आवाजात झोपी जातात, आणि नदीचा घोष कसा होता हे त्यांना आजीला विचारावे लागते.