सलाईन: ताकदीचे औषध नव्हे, मोजून विरघळवलेले मीठ

रुग्णाच्या खाटेशेजारी टांगलेली सलाईनची बाटली भारतीय रुग्णालयांत जितकी परिचित आहे, तितकाच तिच्याविषयीचा गैरसमजही सार्वत्रिक आहे. अशक्तपणा आला, भूक मंदावली, अंगात ताप मुरला की ‘एक सलाईन लावा’ अशी मागणी रुग्णाचे नातेवाईकच करतात. प्रत्यक्षात ‘नॉर्मल सलाईन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या निर्जंतुक द्रावणात दर लिटरमागे ९ ग्रॅम सोडियम क्लोराईड, म्हणजे मीठ असते. बाकी केवळ शुद्ध पाणी. त्यात साखर नाही, प्रथिने नाहीत, जीवनसत्त्वे नाहीत. त्यातून मिळणारी ऊर्जा शून्य असते. साखर घातलेल्या पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरमध्येही साधारण एका पोळीइतकीच ऊर्जा असते. उलट अर्ध्या लिटर सलाईनबरोबर साडेचार ग्रॅम मीठ शरीरात जाते. प्रौढ व्यक्तीने दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

तरीही योग्य ठिकाणी हेच खारे पाणी प्राण वाचवते. निव्वळ पाणी थेट शिरेत सोडले तर तांबड्या रक्तपेशी फुगून फुटतात आणि मीठ फार झाले तर त्या आक्रसतात. ०.९ टक्के या प्रमाणात पेशींचा आकार जवळपास कायम राहतो. त्यामुळे जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडे पडणे, भाजणे, रक्तस्राव, जंतुसंसर्गामुळे रक्तदाब कोसळणे अशा प्रसंगी रक्तवाहिन्यांतील द्रवाची तूट तातडीने भरून काढण्यासाठी ते वापरले जाते. मात्र रक्तस्रावात ते रक्ताची जागा घेऊ शकत नाही. रक्त मिळेपर्यंतची ती तात्पुरती सोय असते.

या उपचाराचा इतिहास पटकीच्या साथींशी जोडलेला आहे. स्कॉटलंडमधील लीथ येथे डॉ. थॉमस लाटा यांनी १८३२ मध्ये पटकीच्या रुग्णांना शिरेवाटे क्षारद्रावण दिले. विसाव्या शतकाच्या आरंभी कोलकात्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी अधिक तीव्र द्रावण वापरून पटकीचे मृत्यू लक्षणीय प्रमाणात घटवले. पण भारताच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा अध्याय १९७१ चा. बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांमध्ये पटकी पसरली आणि शिरेवाटे देण्याच्या द्रावणाचा साठा संपत आला. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी रुग्णांना पाजण्याचा निर्णय घेतला. सुमारे ३० टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. रुग्ण शुद्धीवर असेल आणि पाणी पोटात टिकत असेल तर जलसंजीवनीच पुरेशी ठरते, हा त्यातला धडा सलाईनच्या मागणीत आजही हरवतो.

‘नॉर्मल’ हे नावही काहीसे फसवे आहे. या द्रावणात सोडियम आणि क्लोराईड दोन्ही लिटरला १५४ मिलिमोल असतात, तर रक्तातील क्लोराईड शंभराच्या आसपास असते. मोठ्या प्रमाणात सलाईन दिल्यास रक्तातील आम्लता वाढू शकते. म्हणूनच पटकीसारख्या तीव्र जुलाबांत रिंगर लॅक्टेटला प्राधान्य दिले जाते आणि ते नसल्यास सलाईन वापरतात. अतिदक्षता विभागात कोणते द्रावण सरस, याचा वाद मात्र मिटलेला नाही. अमेरिकेतील २०१८ च्या एका मोठ्या चाचणीत संतुलित द्रावणांना किंचित लाभ दिसला. २०२१ आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत मृत्यूच्या प्रमाणात ठळक फरक आढळला नाही. मेंदूला इजा झालेल्या रुग्णांसाठी सलाईनच पसंत केले जाते.

द्रवाची तूट भरण्याइतकाच त्याचा उपयोग वाहक म्हणून होतो. प्रतिजैविके आणि अन्य इंजेक्शने त्यात मिसळून सावकाश दिली जातात. शिरेत बसवलेली नळी तुंबू नये म्हणून ती थोड्या सलाईनने धुतली जाते. रक्त चढवताना त्याच नळीतून सोडता येते ते सलाईनच. डेक्स्ट्रोजने रक्तपेशी फुटू शकतात आणि रिंगर लॅक्टेटमधील कॅल्शियममुळे गुठळ्या होण्याचा धोका असतो. अर्थात प्रत्येक औषधाला सलाईन चालत नाही. आकडी थांबवणाऱ्या फेनिटोइनला सलाईनच लागते, तर बुरशीविरोधी अॅम्फोटेरिसिन-बी सलाईनमध्ये साक्यासारखे तळाशी बसते.

जखमा धुणे, शस्त्रक्रियेत पोकळी स्वच्छ करणे, नेब्युलायझरमधील औषध पातळ करणे आणि तान्ह्या बाळाचे चोंदलेले नाक मोकळे करणे, हे त्याचे बाह्य उपयोग. साध्या जखमेसाठी पिण्यायोग्य स्वच्छ पाणीही चालते. कुत्रा चावल्यास सलाईन शोधण्यात वेळ न घालवता वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि लगेच रुग्णालय गाठावे. डोळ्यात रसायन उडाले तर जवळ असेल त्या स्वच्छ पाण्याने तत्काळ धुणे महत्त्वाचे. नाक धुण्यासाठी घरी द्रावण करायचे असल्यास पाणी उकळून गार केलेलेच हवे. नळाच्या पाण्यातील अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचून जीवघेणा संसर्ग झाल्याच्या घटना घडल्या आहेत.

हृदय किंवा मूत्रपिंड दुबळे असलेल्या रुग्णात अनावश्यक सलाईन फुप्फुसांत साचू शकते. डेंग्यूत तर मात्रा तासागणिक तपासावी लागते, कारण रक्तवाहिन्यांतून झिरपलेला द्रव परतू लागल्यावर सलाईन चालूच राहिले तर श्वास कोंडतो. सलाईन सुरू असताना हुडहुडी भरली, धाप लागली किंवा सुईच्या जागी सूज आली, तर नातेवाईकांनी परिचारिकेला लगेच बोलवावे. बाटली लावण्यापूर्वी मुदत संपल्याची तारीख, पाण्यातील गढूळपणा किंवा तरंगणारे कण आणि पिशवीची गळती पाहिली जाते. एकदा उघडलेल्या बाटलीतील उरलेले द्रावण दुसऱ्या रुग्णासाठी ठेवले जात नाही, मग ती अर्धी भरलेली असली तरी.