मागच्या नंबर प्लेटचा गंजलेला नट निघत नाही? नवीन प्लेट बसवायला जाण्याआधी हे घरीच करून घ्या

फुलपाडा (विरार पूर्व) : १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदणी झालेल्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, म्हणजे एचएसआरपी, लावणं राज्यात सक्तीचं आहे. मुदत आधी ३१ मार्च २०२५ होती, मग वाढत वाढत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत गेली. ऑनलाइन बुकिंग, पैसे, तारीख यावर भरपूर लिहून झालंय. पण सेंटरवर गेल्यावर खरी अडचण जिथे होते त्यावर कोणी बोलत नाही. जुनी प्लेटच निघत नाही!

आमच्याच गाडीचं झालं. बाईक बारा वर्षं जुनी, मागची प्लेट एकदाही काढलेली नाही. अपॉइंटमेंटच्या दिवशी कामावर खाडा केला, रांगेत उभे राहिलो. बसवणाऱ्या पोराने पाना लावला, नट गोल फिरायला लागला आणि त्याने हात वर केले. "आधी गॅरेजमधून काढून आणा." त्याच्या मागे अजून वीस गाड्या उभ्या होत्या, त्यालाही दोष देता येत नाही. आपला दिवस मात्र फुकट गेला.

आपल्याकडे हे जास्त होतं. चार महिने पाऊस, पापडखिंडीकडच्या रस्त्यांचा चिखल, अर्नाळ्याच्या बाजूने येणारी खारी हवा. मागच्या चाकाने उडवलेला सगळा चिखल मडगार्डच्या आतल्या बाजूला बसतो आणि नट नेमका तिथेच असतो. बाहेरून बोल्टचं डोकं चांगलं दिसतं, आत नटाचा गंजून गोळा झालेला असतो.

म्हणून बुकिंगची तारीख मिळाली की चार-पाच दिवस आधीच सुरुवात करा.

गाडी डबल स्टँडवर घ्या, साइड स्टँडवर नको. डबल स्टँडवर मागचं चाक अधांतरी लटकतं, शॉकअप मोकळे होतात आणि टायर व मडगार्ड यांच्यात हात घालण्याइतकी जागा होते. खाली फरशी किंवा कडक जमीन बघा, मातीत स्टँड रुततो. मोबाइलचा टॉर्च लावून आत बघा. जुना टूथब्रश किंवा तारेचा ब्रश घेऊन नटावरचा चिखल पूर्ण काढा. चिखल तसाच ठेवून तेल मारलं तर ते चिखलच पितो, गंजापर्यंत पोचत नाही.

मग गंज सोडवणारा स्प्रे मारा. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. तो नसेल तर डिझेलमध्ये भिजवलेली चिंधी नटाभोवती गुंडाळून रात्रभर ठेवा, वेळ लागतो पण फरक पडतो. संध्याकाळी एकदा, सकाळी एकदा, असं दोन-तीन दिवस करा. टायरवर आणि ब्रेकवर थेंबही जाऊ देऊ नका, चाकावर आधी जुनं फडकं टाका.

बहुतेक बाईकना इथे सहा एमएमचा बोल्ट असतो, त्याला १० नंबरचा पाना लागतो. फिक्स पाना वापरू नका. तो दोनच बाजूंनी पकडतो, गंजलेल्या नटाच्या कडा घासून टाकतो आणि मग तो नट कशालाच येत नाही. रिंग पाना किंवा गोटी पाना घ्या. गोटीला लांब दांडी लावली की हात आत न घालता नट पकडता येतो. हे काम दोघांचं आहे. एकाने आतून नट धरायचा, दुसऱ्याने बाहेरून बोल्ट फिरवायचा. आणि पहिला झटका सोडायच्या दिशेने नको, आधी किंचित आवळा. गंजाची पकड तुटल्याचा "कट्" असा आवाज येतो, मग उलट फिरवा.

बोल्टचं डोकं स्टारचं असेल आणि खाच झिजली असेल तर हेक्सा ब्लेडने डोक्यावर आडवी खाच पाडा आणि चपटा स्क्रू ड्रायव्हर लावा. नट आणि बोल्ट दोन्ही एकत्रच फिरत असतील, प्लास्टिकच्या मडगार्डवर हे हमखास होतं, तर प्लेटच्या मागे स्क्रू ड्रायव्हर अडकवून प्लेट बाहेर खेचून धरा. ताण आला की नट थांबतो.

एवढं करूनही नाही निघाला तर कापायचा. इथे एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. जुनी प्लेट वाचवायची गरजच नाही, ती जाणारच आहे. तिचा कोपरा पक्कडीने वाकवा, प्लेट आणि मडगार्डच्या मध्ये ब्लेड जाईल एवढी जागा करा आणि बोल्ट तिथून कापा. टेल लाइटची वायर मडगार्डच्या आतूनच जाते, ती कुठे आहे ते आधी बघून बाजूला बांधा. बोल्ट तापवायला लायटर, गॅस, वेल्डिंग यातलं काहीही घरी करू नका. वर पेट्रोलची टाकी आहे.

प्लेट निघाली म्हणून तशीच गाडी रस्त्यावर नेऊ नका, नंबरशिवाय पकडलं तर वेगळाच दंड. तीच जुनी प्लेट नवीन नट-बोल्टवर, थोडं ग्रीस लावून, परत बसवा. स्टीलचे बोल्ट घ्या, त्यांना गंज कमी लागतो. सेंटरवर मग दोन मिनिटांचं काम राहतं. मडगार्डचं भोक गंजून मोठं झालं असेल तर त्याच वेळी रुंद वायसर टाका, किंवा पत्रा अगदीच गेला असेल तर पट्टी मारून घ्या.

हे आधी बघणं गरजेचं आहे कारण नवीन प्लेट मागे साध्या बोल्टने लागत नाही. तिला स्नॅप लॉक असतो. एकदा दाबला की तो परत उघडत नाही, काढायचा तर तोडावाच लागतो. सडलेल्या पत्र्यावर लॉक बसवला आणि पहिल्याच पावसात प्लेट लटकायला लागली, तर परत आवळायची सोय नाही.

बाकी थोडक्यात. बुकिंग फक्त परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरून करा, सारख्या दिसणाऱ्या खोट्या साइट खूप आहेत. गाडी नंबर, चेसिस आणि इंजिन नंबरचे शेवटचे पाच आकडे, मोबाइल नंबर लागतो. दुचाकी आणि ट्रॅक्टरला ४५० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५३१ रुपये. यात स्नॅप लॉक आणि बसवण्याचा खर्च धरलेला आहे, त्यामुळे सेंटरवर "बोल्टचे वेगळे" असं कोणी म्हणालं तर पावती मागा. आपल्या भागात बऱ्याच जुन्या गाड्या अजून एमएच ०४ च्या आहेत, एमएच ४८ नंतर आलं. आरसी बुकवर जो नंबर आहे तोच फॉर्ममध्ये भरा.

लॉक दाबण्याच्या आधी प्लेट हातात घेऊन नंबर आरसीशी ताडून बघा. डाव्या बाजूला वर अशोकचक्राचा होलोग्राम, खाली लेझरने कोरलेला ओळख क्रमांक आणि निळ्या अक्षरात आयएनडी हवं. एक आकडा जरी चुकला तरी लॉक दाबू देऊ नका, नंतर तोडाफोड आणि पुन्हा ऑर्डर. जुनी प्लेट भंगारात अख्खी टाकू नका, तुमच्या नंबरची प्लेट दुसऱ्याच्या गाडीवर लागू शकते. मधोमध कापा आणि मग द्या.